दिवेआगरात गाडी नुसतीच टकटकली

शनिवारी सकाळी सहाला चांदणी चौक सोडला तेव्हा गाडीबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून विळे, निजामपूर, माणगाव, मग म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. ताम्हिणीत बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, डिझेल माणगावलाच भरून घ्यावं आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं. जाण्याबद्दल एवढं पुरे. लिहायचंय ते रविवारच्या सकाळबद्दल.

नाश्ता करून निघालो. बेत असा होता की दिघीला जाऊन जंगल जेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, गाडीसकट आगरदांड्याला उतरायचं आणि जंजिरा बघून घरी. किल्ली फिरवली आणि टकटकटकटक. इंजिन ढिम्म. शंकेची पाल मनात नव्हे, बॉनेटखाली चुकचुकत होती. डिकीचं दार रात्री नीट लागलं नव्हतं, आतला दिवा अंधुक जळत होता, तेव्हा गुन्हेगार सापडलाच असं वाटलं.

"बॅटरी बसली. धक्का मारू," बाबा म्हणाले. वाडीतली ती बोळ जेमतेम गाडीएवढी, खाली वाळू, दोन्हीकडे चिऱ्याचा गडगा. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड, त्यामुळे मी नाही म्हटलं. मोकळा, किंचित उताराचा रस्ता असता तर हरकत नव्हती: इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आणि वेग आला की क्लच सोडायचा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर हा विषयच सोडा.

आमच्या घरमालकीण काकूंचा पुतण्या वाडीतले पाण्याचे पंप दुरुस्त करतो, म्हणून त्याच्याकडे व्होल्टेज मोजायचा मीटर होता. त्यानं आधी हेडलाइट लावून सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारायला सांगितलं. दिवे एकदम मंदावले. "म्हणजे सेल्फपर्यंत करंट पोचत नाही. सेल्फच गेला असता तर बहुतेक एकच मोठा टक् आला असता आणि दिवे फारसे हलले नसते." त्या एकट्या टक् ला पूर्वीचे ड्रायव्हर सेल्फवर पान्यानं हलकेच ठोकतात, आतले कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) अडकले असतील तर एखाददोन वेळा चालूनही जातं. पण मग गाडी बंद न करता थेट गॅरेज गाठायचं. नुसते दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली असं मात्र समजू नका. हेडलाइटच्या एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात.

मीटरनं बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवली. पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, म्हणजे डिकीच्या दिव्यानं थोडं खाल्लं होतं, पण एवढ्यावर गाडी लागायला हवी होती. मग त्यानं जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मीटरच्या सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरल्या आणि म्हणाला, "दादा, मारा सेल्फ." साडेअकराच्या वर. मग त्याच सुया खुंट्यांना धरून बसलेल्या क्लॅम्पवर. "मारा परत." आकडा खाली-वर नाचायला लागला, पाचच्याही खाली जायचा. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यात कागदाएवढीही फट नव्हती, पण सगळे व्होल्ट तिथेच अडकत होते. वरचं रबरी टोपण उचललं तर आत पांढरी-हिरवट भुकटी, बुरशी धरल्यासारखी. टकटक होते ती यामुळेच: सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढला जातो.

दहा नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह सोडवला. क्रम महत्त्वाचा, कारण पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. काकूंनी बंबातलं कढत पाणी तांब्यातून आणून दिलं, त्यात खायचा सोडा. भुकटीवर ओतताच फेस सुटला आणि पाच मिनिटांत खालचं शिसं दिसायला लागलं. (त्या भुकटीत आम्ल असतं, डोळ्यांपाशी हात नेऊ नका, आणि सोड्याचं पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका.) पॉलिश पेपर मारला, कोरडं केलं, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी आवळला, वरून व्हॅसलीन. पहिल्याच सेल्फला गाडी लागली. चालू गाडीत मीटर १४.१, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा अल्टरनेटरही ठीक.

बायकोनं विचारलं, आता जंजिरा? जेट्टीवर गाडी चढवली की इंजिन बंद करावं लागतं, आणि पलीकडे आपली गाडी लागली नाही तर मागची सगळी रांग खोळंबते. नाही गेलो. भित्रेपणा म्हणा हवं तर.

माणगावात एका दुकानात बॅटरी तपासायला थांबलो, तर त्यानं मीटर न लावताच "बदलूनच टाका" म्हणून किंमत सांगितली. चालू इंजिननंच पुढे निघालो. घरी आल्यावर चार्जरवर रात्रभर लावली, आता तीच बॅटरी चालतेय. तीन वर्षांची झालीय, उन्हाळ्यात बदलावी लागेलही, पण क्लॅम्प बघण्याआधी नाही.

जंप केबलनं दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून आपली गाडी लावायची वेळ आली तर लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगलीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगलीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट. गाडी लागली तरी लगेच बंद करू नका.

मुळशीला चहाला थांबलो. बाबांनी इंजिन बंद करू दिलं नाही, एकेकानं आळीपाळीनं उतरून चहा प्यायला.