गल्याथ पडल्यानंतरचा दावीद

सोमवार, रात्री

येत्या दोन रविवारी संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, बायबलमधला दावीद घ्यायचा आहे, राक्षसासारख्या गल्याथाला पाडणारा. मुलं पाच ते आठ वर्षांची. गोष्ट सगळ्यांना पाठ असते: गोफण, गोटा, कपाळ, धाडकन खाली. अडचण तिथेच आहे. गोष्ट एवढ्यावर संपवली की मुलाच्या मनात एकच बसतं, शूर माणसाला भीती वाटत नाही. मग रात्री दिवा घालवल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो तेव्हा ते स्वतःला दावीदाच्या नाही, पळून गेलेल्या सैनिकांच्या रांगेत उभं करतं. भीती वाटली हे मग कुणाला सांगतही नाही.

म्हणून दोन धडे. पहिला बायबलातल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 17वा अध्याय, दुसरा त्याच पुस्तकाचा 21वा अध्याय. तो लहान मुलांना सहसा कुणी सांगत नाही. शौल राजाच्या भीतीने पळालेला दावीद नोब गावी याजकाकडे, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याकडे येतो. जवळ शस्त्र नाही. याजक त्याला गल्याथाचीच तलवार काढून देतो. ती घेऊन तो जातो कुठे, तर गथला! गल्याथाच्याच गावाला. तिथले लोक त्याला ओळखतात आणि बाराव्या वचनात स्पष्ट लिहिलं आहे की तो राजा आखीशाला फार भ्याला. वेशीच्या दारावर रेघोट्या मारतो, दाढीवर लाळ गाळतो, वेड्याचं सोंग घेऊन जीव वाचवतो. राक्षसाला पाडणारा तोच माणूस, राक्षसाची तलवार हाताशी असताना घाबरला.

आणि बायबलातल्याच 56व्या स्तोत्राचा मथळा सांगतो की ते पलिष्ट्यांनी, म्हणजे गल्याथाच्या लोकांनी, दावीदाला गथमध्ये धरलं त्या वेळचं आहे. त्यातलं तिसरं वचन मुलांच्या तोंडी सोप्या शब्दांत असं बसतं: मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो. ‘भीती वाटत नाही म्हणून’ असं त्यात नाही. ‘वाटते तेव्हा’ आहे. दोन्ही रविवार या एका शब्दासाठी.

मंगळवार

मापं काढून ठेवली. गल्याथाची उंची सहा हात एक वीत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट, आणि वीत त्याच्या निम्मी. एकूण पावणेदहा फूट होतात. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या शमुवेलाच्या एका गुंडाळीत मात्र चार हात एक वीत आहे, म्हणजे पावणेसात फूट. मोठी मुलं विचारतात, त्यांना हे सरळ सांगावं. पावणेसात फुटी गडीसुद्धा पोरसवद्या दावीदापुढे डोंगरच.

भिंतीवर आकृती काढायला जाऊ नये, वर हात पुरत नाही. फरशीवर खडूने आडवा गल्याथ काढायचा आणि त्याच्या शेजारी मुलांना एकाखाली एक झोपवायचं. पाच वर्षांची जवळजवळ तीन मुलं लागतात. एक चूक हमखास होते: मुलांना त्यांच्याच हाताने मोजायला सांगितलं तर गल्याथ साडेसहा फुटांच्या आतच आटपतो. माप मोठ्या माणसाच्या हाताचं घ्यायचं आणि मुलांनी मोठ्याने मोजायचं.

वजनाला दोन वस्तू पुरतात. गल्याथाच्या भाल्याचं लोखंडी पातं सहाशे शेकेल (त्या काळचं वजनाचं माप), म्हणजे सातेक किलो. पिशवीत पाण्याच्या लिटरच्या सात बाटल्या भरून ठेवायच्या, ज्याला उचलून बघायची त्याने बघावी. चिलखत पाच हजार शेकेल, सुमारे 57 किलो. ते दाखवायला नको, ‘तांदळाची पंचवीस किलोची दोन पोती आणि वर थोडं’ म्हटलं की डोळे मोठे होतात. लढाईआधी शौलाने दावीदाला आपलं चिलखत चढवलं, त्यासाठी वडिलांचा रेनकोट आणि मोटरसायकलचं हेल्मेट. चार पावलं टाकली की ते मूल स्वतःच म्हणतं, काढा हे. दावीदाने ते का उतरवलं हे पुन्हा समजवावं लागत नाही.

गल्याथाचं काम मुलाला देऊ नये, वर्गातल्या थोराड मुलाला तर कधीच नाही. गोष्ट पंधरा मिनिटांत संपते आणि ‘ए गल्याथ’ ही हाक वर्षभर त्याच्यामागे लागते. ‘तुमच्या शाळेतला गल्याथ कोण?’ हा प्रश्नही टाळावा. उत्तरात दुसऱ्या एखाद्या लेकराचं नाव येतं आणि सोमवारी त्याला दगड बसतो. ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असं विचारावं. अंधार, कुत्रा, इंजेक्शन, बाईंनी फळ्यापाशी बोलावणं, घरातलं भांडण, अशी उत्तरं येतात. शेवटचं उत्तर आलं तर वर्गासमोर पुढचं काही विचारायचं नाही. नंतर त्या मुलाजवळ शांतपणे बसायचं.

बुधवार

गोफण. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगावं लागत नाही, पण शहरातल्या मुलांना गोफण म्हणजे बेचकी वाटते. चित्रांच्या पुस्तकांतही कधी कधी दावीदाच्या हातात रबराची बेचकी असते. हा घोळ आधी मोडायचा. जुन्या जीनचा चार बोटं रुंद, वीतभर लांब तुकडा, दोन्ही टोकांना दोन-दोन फुटांची सुती दोरी. एका दोरीला बोटात अडकेल असा फासा, दुसरीला नुसती गाठ. दोन्ही टोकं एका हातात धरून फिरवायचं आणि गाठीचं टोक सोडायचं. सोडायची वेळ जरा चुकली की गोटा बाजूला जातो, कधी मागेही. म्हणून आत मोज्याचा गोळाच, दगड नाही. फिरवणार मोठं माणूस, ते मोकळ्या जागेत, आणि मुलं लांब भिंतीला टेकून.

हे दाखवण्यामागे एक कारण आहे. गोफण एका दिवसात हाताला बसत नाही. दावीदाने मेंढरांमागे असताना, कुणी बघत नसताना ती फिरवली होती. भरवशाचंही तसंच. 17व्या अध्यायाच्या सदतिसाव्या वचनात तो शौलाला काय म्हणतो? ज्या परमेश्वराने सिंहाच्या आणि अस्वलाच्या पंजातून सोडवलं, तोच या पलिष्ट्याच्या हातून सोडवील. त्याचा भरवसा आठवणीवर उभा आहे. मुलांना म्हणून आठवायला लावायचं: मागच्या वेळी फार भीती वाटली होती, तेव्हा कोण जवळ होतं? ‘आजी’ हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. तिथे घाईने ‘नाही, देव’ अशी दुरुस्ती करू नये. ‘देवाने आजीला पाठवलं’ एवढं म्हटलं की पुरे.

दावीदाने उचललेल्या पाच गोट्यांना प्रार्थना, वचन, आज्ञापालन अशी नावं द्यायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. शास्त्रात गोट्यांना नावं नाहीत आणि लागला तो एकच. मुलं यादी पाठ करतात आणि ‘मी परमेश्वराच्या नावाने येतो’ हे दावीदाचं खरं वाक्य विसरतात. ‘भिऊ नका’ बायबलमध्ये 365 वेळा आहे, रोज एक, हेही सांगू नये. मोजायला बसलं की तो आकडा जुळत नाही, आणि आठ वर्षांचं मूल मोजायला बसतं.

शुक्रवार

सांगायची वेळ: पाच वर्षांच्यांना सात-आठ मिनिटं, आठच्यांना बारा. वर्ग एकच असेल तर आठ मिनिटांत दावीद रणांगणावर पोहोचायलाच हवा. भाऊ, भाजलेलं धान्य, दहा भाकरी हे झटपट. थोरला अलीयाब धाकट्या भावावर, दावीदावर डाफरतो ती जागा मात्र सोडायची नाही, घरात धाकटं असलेल्या प्रत्येक मुलाला ती लागते. मुंडकं तोडणं या वयाला नको. गल्याथ पडला, पलिष्टी पळाले, इथे थांबायचं. कुणी विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, ‘पुढचं मोठेपणी वाचशील’ म्हणायचं.

कीर्तनात ध्रुपद परत परत येतं तशी एक ओळ धरावी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्ताची गोष्ट मराठी कानाला जवळची केली, ती वाट इथेही उपयोगी पडते. गोष्टीत भीतीची जागा आली की सगळ्यांनी छातीवर हात ठेवून ‘भीती वाटते तेव्हा’ म्हणायचं आणि हात वर उघडून ‘तुझ्यावर भरवसा’. पहिल्या रविवारी पाच वेळा, दुसऱ्या रविवारी फळ्यावर ओळ लिहून एकेक शब्द पुसत जायचं. फळा कोरा होतो तोवर ओळ तोंडात बसलेली असते.

शनिवार

सगळ्यात जपून बोलायची गोष्ट ही: ‘देवावर विश्वास ठेव, काही होणार नाही’ हे वाक्य वर्गात उच्चारायचं नाही. प्रार्थना करूनही आजोबा गेलेले असतात. ते मूल पहिल्या ओळीत बसलेलं असतं आणि त्याला वाटतं, माझाच विश्वास कमी पडला. मूर्तीला नमन करा नाहीतर आगीत टाकतो म्हणणाऱ्या बाबेलच्या राजा नबुखद्नेस्सरापुढे उभे राहिलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो काय म्हणाले ते बघावं. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. दानीएल 3:18. ते ‘तरी’ पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. त्याच्या भाषेत ते असं होतं: इंजेक्शन दुखेल, तरी देव सोबत आहे.

दुसऱ्या रविवारचं सामान: झाकणाची काचेची रिकामी बाटली, निळ्या कागदाचे थेंब, पेन्सिली. 56व्या स्तोत्रातच पुढे आहे की दावीदाची आसवं देवाने बुधलीत साठवावीत. प्रत्येकाने थेंबावर आपल्या भीतीचं चित्र काढायचं, घडी घालून आत टाकायचं. लिहायला लावू नये, पाच वर्षांचं मूल अक्षरातच अडकतं. थेंब उघडून वाचायचे नाहीत, पालकांना दाखवायचे नाहीत, हे मुलांना आधीच सांगायचं आणि पाळायचं. वेड्याच्या सोंगाचा अभिनय करून हशा पिकवायचा नाही; कुणाच्या घरी खरोखर आजारी माणूस असतं. रेघोट्या मारल्या एवढं सांगून पुढे.

बाटलीचं तोंड रुंद हवं. लोणच्याची बरणी चालेल, मात्र आज रात्रीच गरम पाण्याने धुऊन उन्हाला ठेवण्यासाठी काढायला हवी, नाहीतर सगळे थेंब तेलकट होतात.