खडूनं काढलेलं संडासाचं भांडं

आज्जीनं चिठ्ठी पुढं केली आणि विचारलं, "ताई, लेकराचं पोट साफ होत न्हाय म्हणून डॉक्टरनं तुमच्याकडं धाडलंय. चुकून तर न्हाय ना धाडलं?"

चुकून नव्हतं. केजला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे आणि लोकांच्या लेखी फिजिओ म्हणजे गुडघे, कंबर आणि शेक. लहान लेकरांच्या जुन्या बद्धकोष्ठावर आमचं काम असतं, हे डॉक्टरांतही फार थोड्यांना माहीत आहे.

पोरगा सात वर्षांचा. आईबाप ऊसतोडीला. दिवाळीच्या आसपास गेले की उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तोवर हा धारूरच्या बाजूला डोंगरातल्या गावात आज्जीजवळ. आठ-आठ दिवस संडासला जायचा नाही. झाली तर भांडं तुंबेल एवढा खडा, वर रक्ताची रेघ. मधल्या दिवसांत चड्डीला सारखे पातळ डाग. वास येतो म्हणून शाळेत मागं एकट्याला बसवलेलं आणि घरी मार. लेकरू हे मुद्दाम करत नाही हो! खडा अडकून बसला की वरचं पातळ त्याच्या कडेनं पाझरतं, आणि महिनोन् महिने ताणलेल्या मलाशयाला भरल्याची जाणीवच राहत नाही. ते जुलाब समजून या पोराला दोनदा जुलाब थांबवायचं औषध दिलं गेलं होतं. ऐकून माझं डोकं फिरलं.

पाठवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ मॅडम मात्र पक्क्या. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली होती का, इथपासून सगळं विचारलेलं, थायरॉइड पाहिलेलं, पाठीचा कणा तपासलेला. सोनोग्राफीत मलाशय ४२ मिलिमीटर रुंद. ३० च्या वर आकडा गेला की आत साठलंय असं आम्ही धरतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे शी मऊ करणारी पावडर देऊन त्यांनी आधी साठलेलं सगळं बाहेर काढलं, मग रोजचा डोस ठरवला आणि मग माझ्याकडं पाठवलं. क्रम हाच. औषधाशिवाय नुसत्या व्यायामानं बरं करतो म्हणणारे आमच्यात आहेत, मला ते पटत नाही.

मी माझं सुरू केलं. पोटाचं मालिश उजव्या जांघेपासून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं, मग डावीकडून खाली, कारण मोठं आतडं तसंच वळतं. पोटानं श्वास. सकाळची भाकरी खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत संडासला बसवायचं, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपसूक हलतं. बसायचं पाच-दहा मिनिटं, जास्त नाही. आज्जीचा हात मालिशला इतका छान बसला की मला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. दोन खेपा झाल्या. शी मऊ झाली होती, तरी पोरगा तीन-तीन दिवस धरून ठेवत होता.

तिसऱ्या खेपेला आज्जी म्हणाली, "मी दाराबाहेरून कुंथ, कुंथ म्हणून वरडते, तर ह्याचे पायच लटलट कापतेत."

पाय का कापावेत? मी फरशीवर खडूनं संडासाचं भांडं काढलं, पाय ठेवायच्या जागांसकट. म्हटलं, बाळा, घरी बसतोस तसा बस बरं.

भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं. त्याचे पाय इतके फाकले की टाचा वर उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर, पायाची बोटं आकड्यासारखी फरशीला धरलेली. एक हात बाजूला भिंत शोधत होता. मांडीला हात लावून पाहिला तर दगड. म्हटलं, आता कुंथ. त्यानं श्वास कोंडला, पोट आत ओढलं आणि ढुंगण घट्ट आवळलं. जोर लावायचा म्हणजे सगळं आवळायचं, असंच त्याला कळलं होतं. मलाशयाला स्नायूच्या पट्ट्याचा वेढा असतो, तो एरवी नळी वाकवून धरतो. उकिडवं बसून तो सैल पडला की नळी सरळ होते. पण पडायची भीती असेल तर तो सैल पडतच नाही.

"पाय घसरला होता का रे कधी?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "भोक लई मोठं हाय."

पहिल्याच दिवशी मी त्या आज्जीला सांगितलं होतं, पायाखाली स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. पुस्तकातलं चित्र कमोडचं असतं. तिच्या घरी कमोड नाही. ती मान डोलावून गेली, आणि तुमच्याकडं संडास कसला आहे हे मी विचारलं नाही. पाणी किती पितो, दूध किती, भाकरी किती, सगळं विचारलं होतं.

चुलत्यानं भांड्याच्या दोन्ही कडांना एकेक वीट आत सरकवून सिमेंटात बसवली आणि समोर धरायला कासरा बांधला. 'कुंथ' हा शब्द घरात बंद केला. त्याऐवजी, हात पोटावर ठेव, पोट पुढं काढून कंबर रुंद कर, तोंडानं फुगा फुगव, खालून वारं सोड. चौथ्या खेपेला खडूच्या भांड्यावर बसून फुगवताना माझ्या तळव्याखाली त्याचं पोट पुढं आलं आणि मांड्या सैल पडल्या. त्या दिवशी मी पुढचा पेशंट दहा मिनिटं थांबवला.

शाळेच्या संडासाला कुलूप, किल्ली गुरुजींकडं, आत पाणी नाही. मार्च लागला की या भागात प्यायलाच टँकर, तिथं संडासाला पाणी कुठलं, हे मला समजतं. लेकराला मागं बसवायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हे समजत नाही. फोन केला. किल्ली आता खिळ्याला असते.

दीड महिना रोज होत होती. मग कुणीतरी आज्जीला सांगितलं, पावडरीची सवय लागंल. तिनं बंद केली. बारा दिवसांत पुन्हा खडा, पुन्हा डाग. निदान दोन महिने पावडर आणि सगळं सुरळीत होऊन महिना गेल्याशिवाय डोस कमी करायचा नाही, हे मी तोंडी सांगितलं होतं. आता मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देते, शेजाऱ्यानं वाचून दाखवावं म्हणून.

परवा त्याची आई आली. पुढच्या हंगामाला पोराला सोबत न्यायचं म्हणते. "तिकडं तर संडासच न्हाय ताई, वावरात बसावं लागतंय." यावर पोरगा लगेच म्हणाला, "वावरात भोक नसतंय." त्याला ते बरं वाटतंय. पण पहाटेच फडात निघणाऱ्या आईला, भाकरीनंतर अर्ध्या तासात याला बसव, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? दसऱ्याच्या आधी ते एकदा येणार आहेत, तोवर काहीतरी सुचायला हवं.