जपानी कंपनीचं व्हेंडर अप्रूव्हल: माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघते. एका जपानी कंपनीकडून शाफ्टची, म्हणजे मशीनमध्ये फिरणाऱ्या दांड्याची, चौकशी आली आणि शेठनी ते काम माझ्यावर सोपवलं, कारण मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले होते आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी पास होते. अप्रूव्हल, म्हणजे त्यांना माल पुरवायची मंजुरी, मिळेपर्यंत भाषा कुठे कामी आली आणि कुठे नुसत्या भाषेवर भागलं नाही, ते लिहिते. पुण्यात या वाटेने जाणारे पुष्कळ आहेत.

जेएलपीटीत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात; बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे सर्टिफिकेट असलं तरी मीटिंगमध्ये तोंड उघडेल याची खात्री नाही. बोलण्याचा सराव मी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर फोनवर वेगळा केला. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामानंतर, हे मराठी माणसाच्या अंगवळणी असतंच, तेवढं सोपं जातं.

अडतं ते मान देण्यापाशी. आपण परक्यापुढेही 'आमचे साहेब येताहेत' म्हणतो. जपानीत ग्राहकासमोर आपल्या मालकाचं नुसतं आडनाव घ्यायचं, आदराचं 'सान' लावायचं नाही. मान सगळा समोरच्याचा. शेठ माझ्या वडिलांच्या वयाचे. ते आमचा कारखाना तपासायला येणार होते, त्या ऑडिटच्या आदल्या दिवशी ही रीत त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "बोल बिनधास्त. पाहुण्यांचा मान राहिला म्हणजे झालं."

खरा कस लागला तो त्याआधी, ड्रॉइंगवर. मटेरिअल होतं एस-४५-सी, जपानी मानकातलं स्टील. आपल्याकडे अशा कामाला सर्रास ईएन-८ हे दुसरं स्टील घेतात. स्टीलवालाही म्हणाला, "सगळे हेच नेतात मॅडम, चालतंय." पण एस-४५-सीमध्ये कार्बन ०.४२ ते ०.४८ टक्के असतो आणि ईएन-८मध्ये ०.३६ ते ०.४४. शाफ्टला इंडक्शन हार्डनिंग होतं, म्हणजे वरचा थर विजेने तापवून, लगेच गार करून कडक करायचा. कार्बन खालच्या टोकाला आला तर हार्डनेस कमी पडू शकते. सी-४५ हे तिसरं स्टील जवळचं, कार्बन ०.४२ ते ०.५०. मी तिन्हींचा तक्ता केला आणि सॅम्पल करायच्या आधीच मेल पाठवला: तुमचं मटेरिअल हे, आमच्याकडे मिळतं ते हे, फरक एवढा, परवानगी द्याल का?

शेठना धाकधूक होती, आपणच उणं दाखवलं तर ऑर्डर हातची जाईल. माझं मत पक्कं होतं. अडचण लहान असतानाच कळवणं हा तिथे कामाचा भाग समजतात, आणि दडवलेली गोष्ट नंतर सापडली तर भाव कितीही कमी करा, उपयोग नाही. उत्तर लवकर आलं नाही. डिझाइन, क्वालिटी, खरेदी या सगळ्यांचं मत घेतल्याशिवाय तिकडे कुणी एकटा होकार देत नाही. मग आले ते प्रश्नच: हीट नंबर (स्टील कोणत्या घाण्यातलं तो नंबर) कसा सांभाळता, केस डेप्थ (कडक थराची खोली) कुठे मोजता. शेठना वाटलं, टाळताहेत. मला उलट बरं वाटलं. नको असलेल्या मालाबद्दल इतकं बारीक कोण विचारतं?

ऑडिटला आलेले साहेब ऑफिसात फार बसलेच नाहीत. थेट शॉपफ्लोअरवर, रिजेक्शनच्या लाल पेटीपाशी. एक पीस उचलून त्यांनी ऑपरेटरला कारण विचारलं. ऑपरेटरदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झालं ते सांगा." "इन्सर्ट घासला होता, ओडी वाढली." म्हणजे कापणारं टोक झिजलं आणि पीसचा बाहेरचा व्यास वाढला. मी जसंच्या तसं जपानीत सांगितलं. साहेब पीस फिरवत बराच वेळ गप्प. शेठ खुलासा करायला पुढे सरसावले, मी हळूच थांबवलं. ती शांतता विचार करण्याची असते, मध्ये बोलू नये. मग पुढचा प्रश्न आला, इन्सर्ट किती पीसनंतर बदलता? रजिस्टर दाखवलं, त्यांनी लिहून घेतलं.

सी-४५ला परवानगी मिळाली, सॅम्पल पास झाले आणि अप्रूव्हल आलं. पहिल्या डिलिव्हरी प्लॅनला मी दोन्हीकडच्या सुट्ट्या जोडल्या: त्यांचा एप्रिलअखेर सुरू होणारा गोल्डन वीक आणि ऑगस्टमधला ओबोन हा पितरांचा सण, आपलं गणपती विसर्जन आणि दिवाळी. त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, म्हणून उत्तर त्याच दिवशी हवं असेल तर मेल मी सकाळी शॉपमध्ये शिरल्याबरोबर टाकते.