आमची वाटचाल : खोक्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा

कोल्हापूरच्या गुजरीतल्या कारागिरांना भिंगं पुरवणारं आमचं दुकान एका आकड्यापायी बंद पडायला आलं होतं. आमच्या काचेच्या हेडबँडवर, म्हणजे कपाळाला बांधायच्या भिंगावर, वस्तू किती मोठी दिसते याचा खरा आकडा असायचा, अडीच पट. समोर दिवा बसवलेला प्लॅस्टिकचा हेडबँड 'वीस पट' म्हणून आमच्या पाव किमतीत मिळू लागला. गिऱ्हाईक आकडा बघतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर, साज-ठुशीची कामं जोरात असताना, आमचा माल खोक्यातच राहिला. हे अजून सलतं, कारण खरंखोटं करायला दोन मिनिटं पुरतात.

भिंग भिंतीसमोर धरून मागेपुढे करा. खिडकीतून दिसणारी लांबची इमारत भिंतीवर उलटी पण स्वच्छ उमटली की भिंग ते भिंत अंतर पट्टीने मोजा आणि २५ ला तेवढ्या सेंटिमीटरनी भागा. आमचं १० वर आलं, म्हणजे अडीच पट. त्या वीस पटवाल्याचं १४ वर, म्हणजे पावणेदोनसुद्धा जेमतेम! (काही उत्पादक या उत्तरात १ मिळवून छापतात. तसं धरलं तरी तीनच्या पुढे जात नाही.) खरं वीस पट असतं तर काम भिंगापासून सव्वा सेंटिमीटरवर धरावं लागलं असतं. तिथे चिमटा शिरणार कुठून?

त्या दिवसांत जडकाम करणारे एक मामा मात्र आमच्याकडेच येत राहिले. येताना अर्धवट बसवलेली अंगठी आणायचे, कोपर टेकवून कामाला बसल्यासारखे बसायचे आणि मगच भिंग निवडायचे. "मालक, पट नको, हाताला जागा पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आम्हीही गिऱ्हाइकाला आधी बसवतो. डाख द्यायला (ज्योतीने सांधा जोडायला) भिंतीपासून २० सेंटिमीटरवर चित्र उमटवणारं भिंग, म्हणजे ज्योत चेहऱ्यापासून लांब राहते. खडा धरून ठेवणारी नखं दाबायला १० चं. दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) वाचायला दहा पटीचं हातातलं भिंग. ते डोळ्याला चिकटवून दागिना अडीच सेंटिमीटरवर आणायचा.

चाळिशी लागली असेल तर आधी नंबर काढून घ्या. सिलिंडरचा (तिरक्या नजरदोषाचा) नंबर भिंगाने भरून निघत नाही. चष्मा बायफोकल असेल तर हेडबँडखाली वरच्या काचेतून बघा. खालच्या, जवळचं बघायच्या +२ नंबरमधून पाहिलंत तर २० चं भिंग १४ वर येतं, मान पुढे जाते आणि संध्याकाळी पाठ धरते. मग लोक भिंगाला दोष देतात.

आणि भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. धुळीतले कठीण कण काचेवरही ओरखडे काढतात. आधी फुंकून धूळ उडवा, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि जुन्या धुवट सुती कापडाने टिपून घ्या. प्लॅस्टिकच्या भिंगाला ॲसिटोन लागला की ते दुधाळ होतं, परत साफ होत नाही. मामांचं काचेचं भिंग अजून पहिलंच आहे. बदलला तो फक्त कपाळाचा पट्टा, तीनदा.