जॉन्सन व्हॅली: निघताना गाडीखाली वाकून बघा

जॉन्सन व्हॅली ही कॅलिफोर्नियातली मोकळी, खडकाळ दरी, खडकांवरून गाड्या चढवणाऱ्यांची आवडती, आणि आम्ही तिकडेच निघालो होतो. ल्यूसर्न व्हॅली मागे पडली की २४७ क्रमांकाचा रस्ता मोहावी वाळवंटात शिरतो आणि पुढे कितीतरी वेळ फक्त क्रिओसोटची झुडपं सोबत करतात. साधारण माणसाएवढी उंच, एकमेकींपासून अंतर राखून उभी. मार्चमधला शुक्रवार होता. दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, बेसेमर माइन रस्त्याच्या फाट्याजवळ जीप कडेला घेतली. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"बिघडलेलं काही नाही गं. खडकांवर जायच्या आधी तुला हे दाखवायचं होतं," तो म्हणाला.

कुंपणापलीकडे दिसत होती ती पुन्हा तीच झुडपं. पण त्यातली काही एकाच झाडाची आहेत. एका बीतून उगवलेलं झाड बाहेरच्या अंगाने वाढत गेलं, मधला भाग मरून गेला आणि झुडपांचं एक लांबट वर्तुळ उरलं. त्याचा सर्वांत मोठा व्यास ६७ फूट. फ्रँक व्हासेक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं वय काढलं, ते सुमारे ११,७०० वर्षं आलं. त्याला 'किंग क्लोन' म्हणतात. आता त्या जागेला संरक्षण आहे, पण त्याआधी एखादी गाडी रस्ता सोडून तिथून गेली असती तर चालवणाऱ्याला आपण काय तुडवलं हे कळलंही नसतं. वाळवंट रिकामं दिसतं म्हणून तिथे काही नाही असं मीही धरून चालले होते. याच मोहावीत १९४२ साली अमेरिकी जनरल पॅटन यांनी सैन्याला रणगाड्यांचा सराव दिला, आणि त्या रणगाड्यांचे माग काही ठिकाणी अजून दिसतात. पाऊस जेमतेम, गवत विरळ, मग खूण पुसणार कोण?

बून रस्त्याने आत वळलो आणि मीन्स ड्राय लेकवर पोचलो. कोरड्या तळ्याचा सपाट, भेगाळलेला तळ. पाणी नाही, पंप नाही, संडास नाही. जे लागेल ते घेऊन यायचं आणि जे उरेल ते, अगदी मैलासुद्धा पिशवीत बंद करून, परत न्यायचं. दादाच्या क्लबच्या अकरा गाड्या आधीच येऊन थांबल्या होत्या. तंबू ठोकायच्या आधी गाड्यांची तपासणी होती, आणि ती नुसती रीत म्हणून नव्हती.

तपासणी करणारे काका सत्तरीचे असावेत. हातात विजेरी, गुडघ्याखाली घ्यायला जाड गादीचा तुकडा. त्यांनी बॅटरी हाताने हलवून बघितली. ती जराही हलता कामा नये, कारण गाडी कलंडली आणि बॅटरीचं टोक पत्र्याला लागलं की ठिणगी उडते. अग्निशामक सीटबेल्ट लावून बसल्या जागेवरून हाताला येतो का, हे त्यांनी प्रत्येकाला करून दाखवायला लावलं. मागे ठेवलेला जॅक पट्ट्याने बांधलेला आहे का, तेही बघितलं. गाडी उलटली तर सुटा जॅक डोक्यात बसतो. मग ओढण्याचे हूक. एका नव्या सभासदाच्या गाडीला मागे ट्रेलर जोडायचा गोळा होता. अडकलेली गाडी ओढताना त्याला दोर लावायचा त्याचा विचार होता. काकांनी त्याला बाजूला घेतलं आणि बराच वेळ समजावलं. ओढायचा नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो आणि ती सगळी ताकद साठवून ठेवतो. गोळा तुटला तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि अशाने माणसं मेली आहेत. चासीला पक्क्या बोल्टने बसवलेला, वजनाची क्षमता ठरवून दिलेला हूकच वापरायचा. त्या मुलाने तिथेच गोळा काढून ठेवला.

आमची पाळी आली. काका खाली सरपटत गेले, मागच्या डिफरन्शिअलपाशी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यापाशी, बोट फिरवलं आणि बोट वर करून दाखवलं. काळसर, चिकट.

"तुमचं पिनियनचं सील, तेल आत अडवणारी कडी, पाझरतंय. हे बदलल्याशिवाय उद्या वर येता येणार नाही."

"थेंबभरच आहे," दादा म्हणाला.

"थेंबच. पण खडकावर पडेल तो थेंब तुमचा नसेल, आपल्या सगळ्यांचा असेल."

दादाचा चेहरा उतरला. दोन आठवड्यांपूर्वीच त्याने हे सील एका गॅरेजमधून बदलून घेतलं होतं. पण त्याने वाद घातला नाही. तिघा जणांनी त्याला मदत केली. प्रोपेलर शाफ्ट सोडवला, पिनियनच्या नटवर किती ताण होता त्याची खूण करून ठेवली (नट परत त्याच खुणेवर आला नाही तर बेअरिंग खराब होतात), नवं सील हलक्या हाताने ठोकून बसवलं. खाली पसरलेल्या ताडपत्रीवर थेंब पडत होते, जमिनीवर एकही नाही. मी विजेरी धरून होते. रात्री साडेनऊला काकांनी पुन्हा बोट फिरवलं. कोरडं.

नंतर सगळे शेकोटीभोवती बसले तेव्हा मला या काटेकोरपणाचं कारण समजलं. काकांच्या गाडीत हत्यारांच्या पेटीला लागूनच एक जाडजूड फाइल असते. त्यात नकाशे, बैठकांची निमंत्रणं, पाठवलेल्या पत्रांच्या प्रती. इथल्या खडकांतल्या 'हॅमर' वाटा व्हिक्टर व्हॅली भागातल्या एका क्लबच्या लोकांनी शोधून मोकळ्या केल्या. २००७ मध्ये डेव्ह कोल आणि जेफ नोल यांनी मोजक्या मित्रांना घेऊन 'किंग ऑफ द हॅमर्स' ही शर्यत सुरू केली, आणि आता दर वर्षी तिच्यासाठी या कोरड्या तळ्यावर गावच वसतं. पण या जमिनीची मालकी सरकारची, कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, आणि परवानगी कधीही कायमची नसते. बार्स्टो ते व्हेगास ही मोटारसायकलींची मोठी शर्यत १९८९ नंतर झाली नाही. पुढच्याच वर्षी वाळवंटी कासव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेलं.

मग कुणीतरी १४ ऑगस्ट २०१०चं नाव काढलं आणि शेकोटीभोवती एकदम शांतता झाली. 'कॅलिफोर्निया २००' या शर्यतीत इथेच एक ट्रक उंचवट्यावरून उडून उलटला आणि मार्गाच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांवर पडला. आठ जण गेले. अंधारात, लोकांना मागे ठेवायला काहीही नसताना. काका त्या रात्री इथे नव्हते, पण त्यानंतर परवान्यांचे नियम किती कडक झाले हे त्यांनी क्लबचे अर्ज भरताना पाहिलं आहे. ते कडक झाले याबद्दल ते एक अक्षरही वाकडं बोलले नाहीत. मलाही ते योग्यच वाटतं. प्रेक्षक कुठे उभे राहणार, हे ज्यांना आखता येत नाही त्यांनी शर्यत घेऊ नये.

त्याच सुमारास मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाला शेजारचा ट्वेंटीनाइन पाम्सचा लष्करी तळ वाढवायचा होता आणि नजर होती ती या दरीवर. क्लबांनी वर्षानुवर्षं सुनावण्यांना हजेरी लावली, नकाशे मांडले, पत्रं लिहिली. डिसेंबर २०१३च्या कायद्याने तडजोड झाली: बराच भाग सैन्याकडे गेला, काही खुला राहिला, आणि एक भाग दोघांचा, जो सरावासाठी वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी फार तर तीस दिवस बंद ठेवता येतो. खुल्या क्षेत्राला अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. गेलेल्या जमिनीचं दुःख काकांच्या आवाजात अजून होतं. "फोटोत तेल सांडलेलं दिसलं असतं तर एवढंही मिळालं नसतं," एवढंच ते म्हणाले आणि फाइल बंद केली.

शनिवारी स्लेजहॅमर, त्या 'हॅमर' वाटांपैकीच एक. सुरुवातीलाच चाकांतली हवा काढली, ३४ पीएसआयवरून १२ वर. टायर पसरट होतो, खडकाला मिठी मारतो, चाक जागच्या जागी फिरत नाही आणि त्यामुळे वाट उकरली जात नाही. लो गिअर, दोन्ही लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी यंत्रणा) चालू, आणि वेग असा की मी शेजारून चालत पुढे जाऊ शकत होते. गेलेही. समोर उभा राहून हातवारे करणाऱ्या एकाच माणसाचं ऐकायचं असा नियम. दहा जण ओरडायला लागले की चालवणारा चुकतो. ॲक्सिलरेटर दाबून खडक चढता येतो, पण तो जोर कुठेतरी निघतोच, बहुधा ॲक्सलमधून. दादा एका पायरीवर तीनदा मागे आला, चौथ्यांदा डावं चाक हातभर बाजूला ठेवलं आणि जीप अलगद वर आली.

अर्ध्या वाटेवर पुढच्या गाडीची पॉवर स्टिअरिंगची नळी फुटली. इंजिन तत्क्षणी बंद झालं आणि गाडीमागून दोघं शोषक चटया घेऊन धावले, जणू कुणाला लागलंय. एकाने खाली पसरट भांडं सरकवलं. गाडी तिरकी होती, म्हणून आधी तिला विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, सरळ धरायचं ठरलं. इथे बांधायला झाड नाही, आणि असतं तरी बांधलं नसतं. वरच्या गाडीलाच दोर लावला, मध्यावर जाड पिशवी टाकली, म्हणजे दोर तुटला तर तो हवेत न उसळता खाली पडेल. सगळ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं केलं. नळी बदलायला पाऊण तास लागला, आणि खडकातल्या खाचेत गेलेलं तेल टिपायला जवळजवळ तेवढाच. भिजलेली रेती चमच्याने, खरोखर चमच्याने, खरवडून पिशवीत भरली. पिशवीला गाठ मारताना त्या गाडीचा मालक सगळ्यांची माफी मागत होता.

रविवारी सकाळी आम्ही तळ्याच्या काठाने रांग धरून चाललो. आमचा नव्हता असा कचरा जास्त निघाला: जळक्या फळ्यांतले खिळे, टायरचे तुकडे, काडतुसं. नऊ पोती भरली. मग चाकांत हवा भरली आणि टायरच्या खाचांतलं, बंपरमागचं गवताचं बी ब्रशने काढून टाकलं, परक्या गवताचं बी आपल्याबरोबर दुसऱ्या वाळवंटात जाऊ नये म्हणून.

दादा किल्ली फिरवणार तेवढ्यात मीच खाली वाकले. उन्हात उभ्या गाडीची सावली कासवाला आवडते. आणि दिसलं तरी उचलायचं नाही. घाबरलं तर ते साठवलेलं पाणी टाकून देतं आणि मग त्याच पाण्यावाचून मरू शकतं. ते निघून जाईपर्यंत थांबायचं. गाडीखाली कुणी नव्हतं. खालची मातीही कोरडी होती.

काका वही घेऊन खिडकीशी आले. सफाईत कुणी किती तास काम केलं ते त्यांना लिहायचं होतं, कारण सरकारी अनुदान मागताना सभासदांचे हे तास क्लबचा वाटा म्हणून धरले जातात.

"तुम्ही सभासद नाही, पण तुमचे तासही चालतात. किती लिहू?"

"तीन," मी म्हटलं.

"आणि शुक्रवारी रात्री विजेरी धरलीत ते?"

"ते आमच्याच गाडीचं काम होतं."

ते हसले, तीन लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेले.