फळ्यावरचं सूत्र

'बी इज इक्वल टु एफ ऑफ पी कॉमा ई.' वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असतं. बावीस वर्षं मी हे मानसशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, खाली कर्ट लेविनचं नाव टाकलं आणि पुढच्या टॉपिकला गेले. दोन मार्कांचा प्रश्न, कोण थांबतंय? परिस्थितीचं उदाहरण ठरलेलं: परीक्षेचा हॉल.

निवृत्तीनंतर लेविनचे निबंध निवांत वाचले आणि त्या उदाहरणाची लाज वाटली.

लेविन ज्यू. जन्म १८९० चा, मोगिल्नोचा. गाव आज पोलंडमध्ये, तेव्हा प्रशियात. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीकडून लढला, जखमीही झाला. १९१७ साली त्याने लिहिलं, की आघाडी जवळ येते तशी तीच जमीन सैनिकाला वेगळी दिसायला लागते. शेत मग शेत राहत नाही, आडोसा होतं. त्याच्या क्षेत्र सिद्धांताचं, म्हणजे माणूस आणि त्याला जाणवणारी परिस्थिती मिळून वर्तन ठरतं या विचाराचं, मूळ मला या चिखलात दिसतं. ज्या देशासाठी लढला, तो १९३३ मध्ये हिटलरच्या हाती गेला आणि लेविन अमेरिकेला निघून गेला.

त्याचा १९४१ चा निबंध मी दोनदा वाचला. विषय: ज्यूंना स्वतःच्याच ज्यू असण्याचा वाटणारा तिटकारा. लेविन म्हणतो, हा स्वभावदोष नव्हे. माणसाला आपल्या गटातून बाहेर पडायचं असतं, बहुसंख्याक दार उघडत नाहीत, आणि मग तो राग उलटून आपल्याच माणसांवर निघतो. (आडनाव विचारलं की खाली मान घालणारी मुलं माझ्या वर्गात होती. मी त्यांना 'लाजाळू' म्हणायचे.) गट सारखेपणाने बनत नाही, एकमेकांचं नशीब बांधलेलं असण्याने बनतो, हेही त्याचंच. धर्म पाळा न पाळा, तुमच्या दारावरची थाप तीच. म्हणूनच मुलांना आपण ज्यू आहोत हे लहानपणीच स्पष्ट सांगा, लपवू नका, असं तो आईबापांना बजावतो.

त्याची आई युरोपातच अडकली होती. तिला अमेरिकेत आणायची त्याची धडपड फळाला आली नाही. १९४३ मध्ये नाझींच्या छावणीत तिला मारलं. १९४७ मध्ये तोही गेला, छप्पन्नाव्या वर्षी.

माझ्या जुन्या नोट्स काढून पाहिल्या. त्याच्या नावापुढे एवढंच लिहिलंय: 'जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. व्हेरी इम्पॉर्टंट.'