कीम बेमध्ये बास्किंग शार्क दिसला!!

आयर्लंडच्या पश्चिमेला अ‍ॅकिल नावाचं बेट आहे, मध्ये पूल असल्यामुळे गाडी थेट बेटावर जाते आणि रस्ता जिथे संपतो तिथे खाली कीम बे. मे महिना, लख्ख ऊन, समुद्र अगदी शांत. बास्किंग शार्क बघायचा तर असाच दिवस हवा, वारा सुटला की लाटांमध्ये काही कळत नाही.

बीचवर न थांबता आम्ही कड्यावर चढलो. दोन तास नुसतं पाणी. मग एक काळा त्रिकोण वर आला, त्याच्या बराच मागे शेपटीचं टोक, आणि पुढे नाकाचा शेंडा, आधी वाटलं तीन मासे आहेत पण तो एकच होता!! सात मीटर तरी असेल, व्हेल शार्कनंतर जगातला सगळ्यात मोठा मासा हाच.

कड्यावरून त्याचं उघडं तोंड स्पष्ट दिसत होतं, आत सगळं पांढरं. तो पाणी ओढून घेत नाही, तोंड उघडं ठेवून माणूस चालतो तेवढ्या वेगाने फक्त पोहत राहतो, पाणी कल्ल्यांमधून बाहेर जातं आणि तिथल्या कंगव्यासारख्या काट्यांमध्ये प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अडकतं. मध्येच तोंड मिटतो, गिळतो, परत उघडतो. मी तर किती वेळ तेवढंच बघत बसले.

आणि याच पाण्यात 1947 ते 1975 त्यांची शिकार चालायची. शार्क जाळ्यात अडकला की करक नावाच्या छोट्या होडीतून जाऊन भाल्याने मारायचे. सगळं लिव्हरच्या तेलासाठी, वजनाचा जवळपास पाव हिस्सा नुसतं लिव्हर असू शकतं. साधारण 12,000 शार्क गेले. बेटावरच्या लोकांचं पोट त्यावर चालायचं हे मला कळतं, तरी तो आकडा डोक्यातून जात नाही, कारण हा मासा किनाऱ्याला इतका खेटून आणि इतका सावकाश जातो की त्याला पकडायला फार काही करावंच लागलं नसेल. पुढे पुढे शार्कच कमी होत गेले. आयर्लंडमध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं ते थेट ऑक्टोबर 2022 मध्ये.

कड्यावर आणखी सातआठ जण जमले होते, सगळे हळू आवाजात बोलत होते. तो खडकाजवळ आला, वळला आणि तोंड उघडं ठेवूनच परत आमच्या खालून गेला.